कॅप्टन नेमो कुठल्या गावचा?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक माणूस आहे. माणसांच्या वस्तीत पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्याने ठरवलं आहे. तो समुद्रातलंच खातो. शिंपल्यांपासून मिळणाऱ्या धाग्यांचे कपडे घालतो. त्याच्या बोटीत बारा हजार पुस्तकांचं ग्रंथालय आहे आणि एकटं वाटलं की तो ऑर्गन वाजवत बसतो. सगळं जग त्याच्या बोटीचा शोध घेतंय, पण ती सापडत नाही. कारण ती पाण्यावर नसतेच मुळी, पाण्याखाली असते! ओळखा पाहू, हा कोण?

बरोब्बर! कॅप्टन नेमो! आणि त्याची पाणबुडी नॉटिलस.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची ही कादंबरी मार्च १८६९ ते जून १८७० या काळात क्रमशः छापली गेली. कुठे, ठाऊक आहे? मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी निघणाऱ्या एका फ्रेंच पाक्षिकात! तुम्ही आता हे पान वाचताय ना, तशीच तिकडची मुलं पुढच्या अंकाची वाट बघत बसायची. आपल्याकडे व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या भा. रा. भागवतांनी. हो, हो, तेच! फास्टर फेणेचे जनक. तुमच्या आईबाबांना विचारा. व्हर्नशी त्यांची ओळख बहुतेक भागवतांनीच करून दिलेली असेल.

कादंबरीच्या नावाबद्दल एक गंमत सांगतो. 'समुद्राखाली वीस हजार लीग' हे नाव वाचून अनेकांना वाटतं, की नॉटिलस तेवढी खोल गेली. छे! एक लीग म्हणजे इथे सुमारे ४ किलोमीटर. वीस हजार लीग म्हणजे ८०,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. एवढं खोल जायचं तर पृथ्वीच्या आरपार होऊन पलीकडे बाहेर पडावं लागेल! ते अंतर आहे प्रवासाचं. म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या, आणि त्याही पाण्याखालून.

नॉटिलस आपल्या दारावरून गेली!

आता जरा नकाशा पुढ्यात घ्या. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मुंबई-गोवा महामार्गावर, खारेपाटण सापडेल. महामार्गावर उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. पण हे फार जुनं बंदर. खाडीतून गलबतं थेट आतपर्यंत यायची. शिलाहार राजा रट्टराज याचा इसवी सन १००८ चा ताम्रपट इथलाच. इतिहासाच्या पुस्तकांत तो 'खारेपाटण ताम्रपट' म्हणूनच ओळखला जातो.

तर खारेपाटणहून खाडीने खाली निघा. वाघोटण आलं, मग विजयदुर्गचा किल्ला आला, तो मागे टाकला की समोर उघडा अरबी समुद्र. कादंबरीत १८६८ सालच्या जानेवारीअखेर नॉटिलस श्रीलंकेहून निघते, मालदीव आणि लक्षद्वीप यांच्यामधल्या पाण्यातून वर सरकते आणि ओमानच्या आखाताकडे वळते. बोट फिरवून बघा नकाशावर. आपला किनारा उजव्या हाताला ठेवून ती गेली! किनाऱ्यापासून बरीच दूर, पण आपल्याच समुद्रातून.

खारेपाटणच्या एखाद्या मुलाने हे पुस्तक वाचलं, तर नेमो त्याला परका का वाटावा? आणि खरं सांगायचं तर तो परका नाहीच. कसा, ते बघा.

मोती काढणारा माणूस

संपूर्ण कादंबरीभर नेमो आपला देश सांगत नाही. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कुणीही नाही'. प्रोफेसर ॲरोनॅक्स, त्यांचा नोकर कॉन्सेल आणि हार्पूनवाला नेड लँड हे तिघं त्याच्या बोटीत महिनोन्‌महिने कैदेत असतात, तरी त्यांनाही पत्ता लागत नाही.

पण व्हर्नने एक धागा सोडून ठेवला आहे. श्रीलंकेजवळ मन्नारच्या आखातात एक गरीब हिंदी माणूस मोत्यांच्या शिंपल्या काढायला पाण्यात उतरलेला असतो. त्याच्यावर शार्क झेप घेतो. नेमो हातात नुसता सुरा घेऊन त्या शार्कवर धावून जातो! त्या झटापटीत तो स्वतःच संपायचा, पण नेड लँडचा हार्पून वेळेवर पोचतो. मग नेमो त्या माणसाला शुद्धीवर आणतो आणि मोत्यांची पिशवी त्याच्या हातावर ठेवतो. जगाशी नातं तोडलेला माणूस एका अनोळखी गरिबासाठी जीव धोक्यात का घालतो? प्रोफेसर विचारतात. नेमोचं उत्तर साधारण असं: हा माणूस पिचलेल्या देशाचा आहे, आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा आहे.

आलं ना लक्षात?

१८७४-७५ मध्ये आलेल्या 'रहस्यमय बेट' या पुढच्या कादंबरीत व्हर्नने गाठ पूर्ण सोडवली. म्हातारा नेमो मरताना आपलं खरं नाव सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार. १८५७ च्या लढ्यात तो इंग्रजांशी लढला. लढा फसला, घरची सगळी माणसं मारली गेली, आणि उरलेले मोजके सोबती घेऊन त्याने समुद्र गाठला.

बुंदेलखंड म्हणजे झाशीचा मुलूख! राणी लक्ष्मीबाईंचा! आणि झाशीचं नेवाळकर घराणं मूळचं आपल्या कोकणातलंच. बघा, धागा कुठून कुठे पोचला!

व्हर्नच्या मनात आधी मात्र वेगळंच होतं. १८६३ साली पोलंडमध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला होता. नेमो पोलिश सरदार असावा आणि त्याचा राग रशियावर असावा, असं व्हर्नला वाटत होतं. पण त्याचे प्रकाशक हेट्झेल यांना ते पसंत नव्हतं. रशियातही पुस्तकं खपायची होती ना! मग व्हर्नने देशाचं नावच गाळलं आणि पुढच्या पुस्तकात नेमोला हिंदुस्थानी केलं. म्हणजे गोष्टीत फेरफार करायला काही सिनेमा यावा लागला नाही. ते पुस्तक छापण्याआधीच सुरू झालं होतं!

पडद्यावरचा नेमो

आता मुख्य मुद्दा. आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघतोय असं कळलं, की आपलं काय होतं? आधी आनंदाने उडी. आणि लगेच पोटात गोळा. आपल्या मनातला नायक ते बिघडवून तर टाकणार नाहीत? चित्रपटगृहात शेजारच्याला कोपराने ढोसून "ह्यां पुस्तकात खंय होतां?" असं कुजबुजणारा एक तरी दोस्त प्रत्येकाला असतोच. (नसेल, तर तो दोस्त तुम्हीच!)

नेमोच्या चाहत्यांचं हे शंभराहून जास्त वर्षं चाललंय. १९०७ मध्येच जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकाने या कादंबरीवरून छोटा मूकपट काढला. १९१६ मध्ये अमेरिकेत मोठा मूकपट आला. त्यासाठी विल्यमसन बंधूंनी बहामा बेटांजवळ खरोखरच पाण्याखालचं चित्रीकरण केलं. बोटीतून एक लांब नळी खाली सोडायची, तिच्या टोकाला काचेची खिडकी असलेली खोली, आणि त्या खोलीत कॅमेरा घेऊन बसायचं. आहे की नाही डोकं? या मूकपटात नेमो हिंदुस्थानी राजपुत्रच होता. पण भूमिका केली होती ॲलन होल्युबर या अमेरिकन नटाने, चेहरा रंगवून.

मग १९५४ साली वॉल्ट डिस्नेंचा प्रसिद्ध चित्रपट आला. आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे नेमो म्हटलं की त्यातला जेम्स मेसन उभा राहतो. अभिनय सुरेख. नॉटिलसही झकास. पुस्तकात ती दोन्हीकडे निमुळती होत गेलेली, ७० मीटर लांबीची साधी चिरूटासारखी आहे. चित्रपटात मात्र ती पाठीवर करवतीसारखे दाते असलेला सागरी राक्षसच दिसते. पण नेमो? तो युरोपियन झाला! त्याच्या बायकामुलाचा छळ करून त्यांना मारणारा एक देश आहे, पण त्या देशाचं नाव नाही. १८५७ नाही, बुंदेलखंड नाही.

एक भारतीय नट नेमो झाला तो २००३ मध्ये, 'द लीग ऑफ एक्स्ट्रॉऑर्डिनरी जंटलमेन' या चित्रपटात. आपले नसिरुद्दीन शाह! दाढी, पगडी, तलवारबाजी, सगळं होतं. भारतातल्या वाचकांना वाटलं, चला, नेमो घरी आला! पण ही गोष्ट व्हर्नची नव्हती, एका चित्रकथेवरून घेतलेली होती. नेमो अनेक नायकांपैकी एक. त्याच्या दुःखाला, त्याच्या प्रश्नांना तिथे जागा थोडी. थोडक्यात, चेहरा आला, माणूस यायचा राहिला.

आणि मग 'नॉटिलस' ही दहा भागांची मालिका. शझाद लतीफ हा ब्रिटिश नट त्यात नेमो झाला. वडिलांकडून त्याचं मूळ पाकिस्तानी. इथे नेमो हिंदुस्थानी राजपुत्र आहे आणि ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या कैदेतून पाणबुडी घेऊन पळतो. ऑस्ट्रेलियात चित्रीकरण पूर्ण झालं. आणि २०२३ मध्ये डिस्नेने ती दाखवायचीच नाही असं ठरवलं! चाहत्यांची काय अवस्था झाली असेल? ताट वाढलं आणि उचलून नेलं, तशी. शेवटी दुसऱ्या कंपन्यांनी मालिका घेतली आणि २०२४ मध्ये ती ब्रिटनमध्ये पडद्यावर आली.

सगळं जसंच्या तसं का दाखवत नाहीत?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याचं उत्तर दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून शोधूया. कादंबरीत ४७ प्रकरणं आहेत. तुमच्या हातात वेळ दोन-सव्वादोन तास. कॉन्सेल माशांच्या जातीच्या जाती सांगत सुटतो, ती पानं कशी दाखवाल? प्रेक्षक डुलक्या घेतील! काही गाळावं लागतं, काही जोडावं लागतं. लेखक एका वाक्यात वादळ आणतो. दिग्दर्शकाला ते वादळ पंखे, पाणी आणि पैसे लावून उभं करावं लागतं.

१९५४ च्या चित्रपटाचीच गोष्ट घ्या. राक्षसी स्क्विडशी झुंज हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग. पहिल्यांदा तो शांत समुद्रावर, मावळतीच्या उजेडात चित्रित केला. झालं काय, की स्क्विडला हलवणाऱ्या तारा दिसायला लागल्या! सगळं खोटं वाटायला लागलं. मग पुन्हा पैसा ओतून तोच प्रसंग रात्री, वादळात घेतला. अंधारात तारा लपल्या आणि झुंज अंगावर काटा आणणारी झाली. पुस्तकात तो प्रसंग असा नाही. पण हा बदल चांगलाच म्हणायचा.

आता त्याच प्रसंगाची दुसरी बाजू बघा. पुस्तकात झुंज संपल्यावर काय होतं? एका खलाशाला त्या प्राण्याने ओढून नेलेलं असतं. रक्ताने माखलेला नेमो कंदिलाजवळ स्तब्ध उभा राहतो. आपल्या सोबत्याला गिळून टाकणाऱ्या समुद्राकडे बघतो, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. ज्याने माणसांशी नातं तोडलं, तो एका माणसासाठी रडतो! माझ्या मते त्या प्रकरणाचा जीव त्या आठ-दहा पायांत नाही, त्या आसवांत आहे. वादळ असो नसो, नेमोची ती आसवं गाळली तर मात्र गोष्ट पोकळ झाली.

आपल्या फेणेचं काय झालं?

हे फक्त परदेशातच होतं असं नाही हं! भागवतांच्या फास्टर फेणेवर २०१७ मध्ये मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. त्याआधी दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने फेणे केला होता. चित्रपटात फेणे होणार अमेय वाघ, असं कळल्यावर जुन्या वाचकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. का पडू नयेत? बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून सुसाट सुटणारा शाळकरी पोरगा! चित्रपटात तो मोठा झालेला. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला आलेला. हाती मोबाइल, समोर परीक्षेतल्या घोटाळ्यामागचे गुंड.

मग हा फेणे खरा की खोटा? चाहत्यांत दोन तट पडावेत असाच हा प्रश्न. एक म्हणेल, शाळकरी पोराचं वयच काढून घेतलंत, तर उरलं काय? दुसरा म्हणेल, अरे, त्याचं 'ट्टॉक' आहे, चौकसपणा आहे, अन्याय दिसला की स्वस्थ न बसणं आहे, आणखी काय हवं? शिवाय चित्रपटात दिलीप प्रभावळकर खुद्द भा. रा. भागवत होऊन येतात. लेखकालाच गोष्टीत बोलावलं, ही केवढी प्रेमाची पावती!

मला दोन्ही तटांचं म्हणणं पटतं. ज्याने लहानपणी फेणेबरोबर सायकल मारली, त्याला मोठा फेणे बघून हुरहुर लागणारच. पण चित्रपट बघून घरी आलेल्या एखाद्या मुलीने कपाटातून फेणेचं पुस्तक काढलं, तर भागवतांचा खरा फेणे तिला तिथे भेटेलच. चित्रपट पुस्तकाची पानं पुसून टाकत नाही.

दोन रकाने

तर मग चाहत्यांनी करावं काय? एक युक्ती सुचवतो. आवडत्या विज्ञानकादंबरीवर चित्रपट येतोय असं कळलं, की वही घ्या आणि दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा, 'बदललं तरी चालेल'. दुसऱ्यात लिहा, 'बदललं तर गोष्टच बदलेल'. चित्रपट बघायच्या आधी लिहा हं, नंतर नाही! नंतर पडद्यावरचा चेहरा डोक्यात घर करून बसतो.

नेमोसाठी माझे रकाने असे: पहिल्या रकान्यात बोटीचा आकार, कपडे, स्क्विडचे पाय, वादळ. इतकंच काय, 'डक्कार' हे नावसुद्धा! व्हर्न कधी हिंदुस्थानात आलाच नव्हता. बुंदेलखंडात बाळाचं नाव कुणी डक्कार ठेवेल का? एखाद्या दिग्दर्शकाने त्याला शोभेलसं नाव दिलं, तर मी टाळ्याच वाजवीन.

दुसऱ्या रकान्यात दोनच गोष्टी. पहिली, नेमो पारतंत्र्यातल्या देशाचा आहे. त्याच्या खोलीत वॉशिंग्टन, लिंकन, गुलामगिरीविरुद्ध लढलेला जॉन ब्राऊन, पोलंडचा कोशियुश्को अशा माणसांची चित्रं आहेत. त्याचा राग का, हे कळायचं तर त्याचा देश कळायला हवा. देश काढून घेतला, की उरतो नुसता एक चिडका शास्त्रज्ञ.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. आईबाबांशी बोलून बघा. नेमो शूर आहे, दयाळू आहे, पण तो जहाजं बुडवतो, माणसांसकट. त्याच्याविषयी एवढा आदर असलेले प्रोफेसर ॲरोनॅक्ससुद्धा ते बघून हादरतात. नेमोवर अन्याय झाला हे खरं, पण म्हणून सूड बरोबर ठरतो का? व्हर्न तयार उत्तर देत नाही. ज्या चित्रपटात नेमो नुसता दुष्ट असेल, तो फसला. पण नेमो आपला आहे म्हणून त्याला नुसता देवमाणूस करून ठेवला, तर तो चित्रपटही फसला! आपल्या माणसाबद्दल तर खरं बोलायची जबाबदारी जास्तच.

आपल्या मराठीतल्या विज्ञानकथांनाही ही युक्ती लावून बघा. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा घ्या. एक धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. शास्त्रज्ञ यान पाठवून त्याची वाट बदलतात. पडद्यावर स्फोट काय दणकेबाज दिसेल! आणि हे निव्वळ कल्पनेतलंही राहिलेलं नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला 'नासा'च्या डार्ट या यानाने डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर धडक मारून त्याची कक्षा खरोखरच बदलली. पण कथेत दत्तदांच्या घरी काय चाललेलं असतं? धूमकेतूचं अरिष्ट टळावं म्हणून त्यांची पत्नी यज्ञ करवून घेते. बाहेर विज्ञान, घरात अंधश्रद्धा. आता सांगा, कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात टाकाल? स्फोट की यज्ञ? घाई करू नका. आधी कथा वाचा.

बुंदेलखंडातून निघालेला, १८५७ आठवणारा, समुद्रावर जीव टाकणारा आणि आपल्याच रागाला घाबरणारा नेमो अजून पडद्यावर पुरता उतरलेला नाही. कोण उतरवील? कदाचित तुमच्यापैकीच कुणी! विजयदुर्गाच्या तटावरून रोज तोच समुद्र बघणारं एखादं पोर मोठेपणी कॅमेरा हातात घेईल, आणि नॉटिलस आपल्या किनाऱ्यावरून जाताना दाखवेल.

तोपर्यंत पुस्तक आहेच. ग्रंथालयात जा, नेमोला हुडका. वाचून झालं, की तुमचे दोन रकाने आम्हाला नक्की कळवा. आणि हो, राजपुत्र डक्कारला शोभेलसं एक छानसं बुंदेली नावही सुचवा बरं का!